शिंदी गेली फ्लोरिडाला

बालमित्रांनो, बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा घरात असेल तर जरा समोर पसरा पाहू. ह्या एका जिल्ह्यात तीन राजे नांदतात! खाली दक्षिणेला देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे दोघे शेजारी, आणि वर खामगाव तालुक्यात आमचं पिंपळगाव राजा. सिंदखेड राजा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते जिजाऊंचं माहेर. देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. राहता राहिलं पिंपळगाव राजा. हे नाव घेतलं की बाहेरगावचे लोक विचारतात, "म्हणजे नेमकं कुठं?" मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. तेव्हा आज तुम्हाला आमच्याकडे न्यायचं आणि इथल्या एका चौथ्या राजाची भेट घालून द्यायची, असं मी ठरवलं आहे.

हा राजा म्हणजे एक झाड आहे बरं का! अठराव्या शतकात स्वीडन देशात लिनियस नावाचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेला. झाडांना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची पद्धत त्यानंच रूढ केली. नारळ, सुपारी, ताड, खजूर ह्या घराण्याला त्यानं मोठा मान दिला. त्यांना तो 'प्रिन्सिपेस' म्हणजे राजपुत्र म्हणायचा. सरळ उंच खोड, आजूबाजूला एकही फांदी नाही आणि डोक्यावर झावळ्यांचा मुकुट. त्याला राजपुत्र आठवले यात नवल नाही.

चला तर, खामगावहून एसटीत बसा. खिडकीची जागा पकडा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात कपाशी, सोयाबीन, तूर. मधूनच एखादा नाला आडवा येतो. पावसाळ्यात फुगलेला, होळीनंतर कोरडाठाक. पण नीट बघा, नाला कोरडा असला तरी काठावर काही झाडं हिरवीगार उभी दिसतील. करड्या हिरव्या झावळ्या, खोडावर सगळीकडे जुन्या पानांच्या देठांच्या खुणा, जणू कोणी छिन्नीनं चौकटी कोरल्यात. तीच आमची शिंदी. पुस्तकात 'शिंदी' लिहिलेलं असतं, आमची मुलं मात्र 'सिंदी' म्हणतात. आता गावांची ही नावं मोठ्यानं म्हणून बघा: सिंदखेड, वर्धा जिल्ह्यातलं सिंदी, चंद्रपूरकडचं सिंदेवाही, धुळ्याकडचं शिंदखेडा. काही ऐकू आलं का? नावांची मुळं शोधणं हे इतिहासकारांचं काम, पण माझ्या वर्गातल्या मुलांनी झाड लगेच ओळखलं.

शिंदी म्हणजे खजुराची सख्खी चुलत बहीण. खजुराच्या कुळात जगभर चौदा-पंधरा जाती आहेत. त्यांतली आपण खातो त्या खजुराची एक, आणि शिंदी ही आपल्या देशातली रानटी. तिच्या लॅटिन नावात 'सिल्व्हेस्ट्रिस' असा शब्द आहे, त्याचा अर्थच 'रानातली'. जून-जुलैत तिला पिवळ्या-नारिंगी फळांचे घोस लागतात. पिकली की ती तांबूस तपकिरी होतात. गर म्हणाल तर नावालाच, बाकी सगळी बी. तरी आमच्या गावची मुलं खिसे भरभरून आणतात आणि वर्गात बिया सांडतात.

आता गंमत ऐका. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. समुद्रकाठचं, उबदार हवेचं. तिथे बर्फ क्वचितच पडतो. तिथल्या मोठमोठ्या बंगल्यांच्या, हॉटेलांच्या दारात, रस्त्याच्या दुभाजकांवर दिमाखात उभी असलेली एक खजुरी आहे. नर्सरीवाले तिला शेतात वाढवतात, खोड वाढलं तसा तिचा भाव वाढतो. खोडावरच्या देठांच्या खुणा खास माणसं लावून छाटून घेतात, म्हणजे त्या हिऱ्याच्या पैलूंसारख्या दिसाव्यात. तिला तिथे म्हणतात 'सिल्व्हेस्टर पाम'. ओळखलंत ना? आपल्या नाल्यावरची शिंदी! मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तिथं तिचे फडे बांधतात का?"

फडा म्हणजे झाडू, हे पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी सांगते. आमच्याकडे अंगण, गोठा, खळं झाडायला शिंदीच्या पात्यांचा फडाच लागतो. चटया होतात, टोपल्या होतात. सुगरण पक्ष्याला तर शिंदी फारच आवडते. सुगरणीतला नर पात्याच्या कडेला चोचीनं बारीकशी चीर पाडतो, ती धरून उडतो, की लांबलचक दोरा सुटून येतो! असे शेकडो दोरे विणून तो खोपा करतो आणि नाल्यावर वाकलेल्या झावळीच्या टोकाला टांगतो. खाली पाणी, भोवती काटे. सापाची काय बिशाद तिथवर जायची!

एवढं सगळं असून शिंदीला गावात मान नाही. का? तर तिच्या रसाची दारू होते म्हणून. 'शिंदी' हा शब्द झाडालाही आणि त्या पेयालाही एकच. बिचाऱ्या झाडाचं नाव त्यामुळे बदनाम झालं. खरं तर पहाटेचा ताजा रस म्हणजे गोड नीरा, ऊन चढलं की तो आंबतो. बंगालमध्ये ह्याच झाडाचा रस हिवाळ्यात काढून त्याचा सुवासिक गूळ करतात. त्याचे संदेश, पायस म्हणजे बंगाली माणसाचा जीव की प्राण. तिथे रस काढताना एका वर्षी खोडाच्या एका बाजूला खाच, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे खोड नागमोडी होतं आणि खाचा मोजून किती वर्षं रस काढला ते सांगता येतं! आपल्या वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधींचा आग्रह होता की ताड आणि शिंदी तोडून टाकू नका, त्यांच्या रसाचा गूळ करा. सेवाग्रामला सहल गेली तर बापू कुटीच्या मातीच्या भिंती जरूर बघा. मीराबेननं तिथे ताड-खजुराच्या जातीची झाडं मातीत उठवून काढली आहेत.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या शाळेला नवं फाटक बसलं. त्याच्या दोन्ही बाजूंना 'शोची झाडं' लावावीत असं गावकऱ्यांच्या बैठकीत ठरलं. शोची म्हणजे कोणती, तर महामार्गावर ढाब्यांपुढे, पेट्रोल पंपांपुढे दिसतात तशी. तुम्हीही पाहिली असतील. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान ज्या मुंबई-नागपूर महामार्गावर आहे, त्याच रस्त्यानं नर्सरीची झाडं ट्रकमधून आडवी निजून कुठे कुठे जातात. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी कडियम नावाचं गाव आहे, तिथे नुसत्या नर्सऱ्याच नर्सऱ्या. तिथली झाडं देशभर जातात. (काही पंपांवर तर प्लॅस्टिकचे, आत दिवे लावलेले हिरवे-निळे खजूर उभे असतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.)

बैठकीत मी म्हटलं, "आपल्या नाल्यावरची शिंदीच लावू या की." झालं! एक आजोबा उभेच राहिले. "दारूचं झाड शायेपुढं?" दुसऱ्यांनी काट्यांची आठवण करून दिली. ते मात्र खरं होतं. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी सुईसारखे टोकदार काटे असतात आणि आमच्या शाळेतली मुलं काही सावकाश चालणारी नाहीत. शेवटी तोडगा निघाला. फाटकापासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात दोन झाडं लावायची, आणि जगली तर पुढचं पुढं बघायचं.

झाडं कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. त्याच उन्हाळ्यात शिवारातल्या एका नाल्याचं खोलीकरण चाललं होतं. नाला खोल झाला की पाणी मुरतं, विहिरींना उतरतं, आमच्याकडे त्याची गरज आहेच. पण जेसीबीचं बकेट काठ ओढतं तेव्हा काठावरची शिंदीही ओढली जाते. दिवसभरात कितीतरी झाडं मुळासकट आडवी झालेली आम्ही पाहिली. एकीच्या झावळीला सुगरणीचा जुना खोपा तसाच लटकत होता. मुलं गप्प होती. त्यांतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता सुगरण कुठं जाईन?"

शिंदी आणि पाणी यांचं नातं फार जुनं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिर नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या 'बृहत्संहिता' ग्रंथात जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं यावर एक प्रकरणच आहे. त्यात खजुरीचा उल्लेख येतो. निर्जळ प्रदेशात दोन डोक्यांची खजुरी दिसली तर तिच्या पश्चिमेला तीन पुरुष खोल पाणी आहे असं सांगावं, असं ते म्हणतात. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं माप. पाणी खरंच तिथे लागतं की नाही, ते विहीर खणल्याशिवाय कळायचं नाही. पण दोन डोक्यांची खजुरी हा चमत्कार का, ते मात्र मी तुम्हाला सांगू शकते.

आंबा घ्या, कडुनिंब घ्या. फांदी तुटली तर दुसरी फुटते. शेंडा खुडला तर बाजूनं चार येतात. शिंदीचं तसं नाही. तिला एकच कोंब असतो, अगदी मधोमध, झावळ्यांच्या मुकुटाच्या आत लपलेला. सगळी नवी पानं तिथूनच. तो कोंब मेला की झाड मेलं. म्हणून तिला सहसा दुसरं डोकं फुटत नाही. आणखी एक. आंब्याचं खोड वर्षावर्षाला जाड होतं, आत वर्तुळं वाढतात. शिंदीचं खोड एकदा जेवढं जाड व्हायचं तेवढं होतं आणि मग फक्त उंच जातं. तिला कापलं तर आत वर्तुळं दिसत नाहीत, नुसते उभे धागेच धागे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ती वडा-पिंपळापेक्षा गवताला, ज्वारीला जवळची.

आमच्या गावात फडे बांधणाऱ्या एक आजी आहेत. शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांना मी वर्गात बोलावलं. त्यांनी मुलांना कोयता दाखवला, कोणती पानं घ्यायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "खालची पानं काढाची, मधातला कोंब नाई काढाचा. कोंब काढला का झाड गेलं. मंग पुढच्या साली फडा काहाचा बांधू मी?" पुस्तकात मी जे दोन पानं वाचलं होतं ते आजींनी दोन वाक्यांत सांगितलं.

तर आडव्या झालेल्या शिंदींपैकी दोन, साधारण तुमच्या उंचीच्या, शेतकऱ्यानं आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दिल्या. खजुराच्या घराण्यातलं मोठं झाड उचलून दुसरीकडे लावता येतं, ते त्याच्या मुळांमुळे. त्याला आंब्यासारखं एक जाड सोटमूळ नसतं. खोडाच्या बुडातून दोरीसारखी शेकडो मुळं निघतात, आणि तुटली तरी बुडातून नवी येऊ शकतात. फ्लोरिडातली आणि फ्रान्समधली मोठी झाडं अशीच हलवतात. आम्हीही तशीच रीत ठेवली. बुडाशी मातीचा गोळा राखला. खालच्या झावळ्या छाटल्या, वरच्या सुतळीनं एकत्र बांधल्या, म्हणजे वाऱ्यानं पाणी कमी उडावं आणि कोंबाला आधार मिळावा. खड्डा पूर्वी होता तेवढ्याच खोलीचा. खोड जास्त गाडलं तर गुदमरतं. तीन बाजूंनी बांबूचे टेकू. खिळा मात्र ठोकायचा नाही हं! दुसऱ्या झाडाची जखम नव्या सालीनं भरून येते, शिंदीची कधीच भरत नाही.

मग सुरू झाली वाट पाहणं. झाड जिवंत आहे की नुसतं हिरवं दिसतंय, हे कसं ओळखायचं? यावर एक छान युक्ती आहे. मधली न उलगडलेली पानाची सुरळी असते ना, भाल्यासारखी उभी, तिच्यावर आणि शेजारच्या जुन्या देठावर एकाच रेषेत रंगाची खूण करायची. जुना देठ काही वाढत नाही. सुरळीवरची खूण वर सरकली तर समजावं, आत कोंब काम करतोय! चौथीच्या मुलांनी लाल ऑइलपेंटनं खुणा केल्या आणि दर सोमवारी पट्टी घेऊन जायचं ठरलं. पहिला महिना, शून्य. दुसरा महिना, शून्य. पाऊस चांगला झाला होता. पोळ्याच्या सुमारास एका झाडाची सुरळी हातानं हलवली तर ती सरळ उपटूनच आली, खालून काळी पडलेली आणि घाण वास येणारी. ते झाड गेलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या झाडाची लाल खूण दीड बोट वर गेलेली दिसली. वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला असणार. ज्या आजोबांनी दारूचं झाड म्हटलं होतं, तेही बघायला आले. बोलले काही नाहीत, पण टेकूची सैल झालेली सुतळी स्वतः आवळून गेले.

मोठी झाडं लांबून विकत आणण्यात एक धोकाही आहे, तो तुम्हाला सांगायलाच हवा. आफ्रिकेच्या वायव्येला समुद्रात कॅनरी बेटं आहेत. तिथली खजुरी शिंदीपेक्षा जाड, भरगच्च डोक्याची. एकोणिसाव्या शतकात ती युरोपच्या दक्षिण किनाऱ्यावर, फ्रान्समधल्या नीस शहरात, इटलीतल्या सान रेमोत शोभेसाठी लावायला सुरुवात झाली. तिथली हवा सौम्य. हिवाळ्यात गारठा पडतो, पण सगळं गोठत नाही. थोडा वेळ पारा शून्याखाली गेला तरी ही झाडं सोसतात. थंड देशांतले श्रीमंत लोक तिथे हिवाळा काढायला यायचे आणि रस्त्यावर ही झाडं बघून त्यांना आपण कुठेतरी अरबस्तानात आल्यासारखं वाटायचं! स्पेनमध्ये तर एल्चे नावाच्या शहरात खऱ्या खजुराची दोन लाखांहून जास्त झाडं आहेत, अरबांच्या काळापासून कालव्यांच्या पाण्यावर जोपासलेली. २००० साली युनेस्कोनं त्या बागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

ह्या सगळ्या झाडांचा शत्रू निघाला आपल्याकडचा! कोकणातल्या मुलांनो, तुमच्या नारळाला लागणारा सोंड्या भुंगा आठवा. लालसर, पुढे लांब सोंड. मादी खोडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतून कोंब पोखरतात आणि बाहेर कळेपर्यंत मुकुट वाकलेला असतो. दक्षिण आशियातला हा भुंगा १९८० नंतरच्या दशकात आखाती देशांत पोचला, आणि १९९० नंतर स्पेन, इटली, फ्रान्स असा पुढे सरकला. पंख थोडेच एवढे बळकट असतात! तो गेला तो विकत आणलेल्या मोठ्या शोभेच्या झाडांच्या पोटात बसून. नीससारख्या शहरांतली शंभर-शंभर वर्षांची झाडं करवतीनं कापावी लागली. फ्लोरिडातही २००६ मध्ये खजुरांचा एक वेगळाच जीवघेणा रोग आढळला आणि आपल्या शिंदीलाही त्यानं सोडलं नाही. म्हणून मी म्हणते, लांबून ट्रक भरून झाड आणण्यापेक्षा जवळची बी पेरावी. वेळ लागतो, पण पोटात भुंगा येत नाही.

आमच्याच एका विद्यार्थ्याच्या अंगणात खजुराचं झाड आहे. रमजानमध्ये रोजा सोडताना खाल्लेल्या खजुराची बी त्याच्या दादीनं मोरीजवळ टाकली आणि ती उगवली. आता ते झाड कौलांच्या वर गेलं आहे. तो मला विचारतो, "मॅडम, ह्याला खजूर कधी लागतील?" ह्याचं उत्तर जरा अवघड आहे. एक तर खजुरात आणि शिंदीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. फळ फक्त मादीला, आणि तेही परागकण मिळाले तरच. इराकमध्ये, अरबस्तानात हजारो वर्षांपासून माणसं झाडावर चढून नराचे तुरे मादीच्या फुलांत बांधतात. बी लावून आलेलं झाड नर की मादी हे फुलं येईपर्यंत दिसून कळत नाही. दुसरं असं की खजुराला पिकताना कोरडी हवा लागते. ऊन आमच्याकडे हवं तेवढं आहे, मे महिन्यात डोकं भाजून निघतं. पण फळ पिकायची वेळ आणि पावसाची वेळ एकच! कच्छमधले शेतकरीसुद्धा म्हणूनच जून-जुलैत फळं पिवळी-लाल, करकरीत असतानाच उतरवतात. बाजारात गाडीवर ओली खारीक मिळते ती हीच. तेव्हा दादीचं झाड नीसमधल्या झाडांसारखं बहुधा शोभेचंच राहील. त्यावर तो म्हणाला, "राहू द्या. सावली तं आहे."

बी किती टिकते याची एक कथा सांगते, अगदी खरी. इस्राएलमध्ये मृत समुद्राजवळ मसादा नावाचा डोंगरी किल्ला आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथे उत्खनन झालं, त्यात खजुराच्या जुन्या बिया सापडल्या. त्या बरीच वर्षं तशाच ठेवलेल्या होत्या. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतल्या काही पेरून पाहिल्या आणि एक उगवली! तपासणीत तिचं वय सुमारे दोन हजार वर्षं निघालं. झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला. तो निघाला नर. पुढे अशाच दुसऱ्या प्राचीन बियांतून मादी झाडंही वाढली. त्यांतल्या हॅनाला मेथुसेलाचे परागकण दिले आणि २०२० मध्ये तिला खजूर लागले. दोन हजार वर्षं थांबलेला खजूर कसा लागत असेल चवीला?

आपल्या शिंदीच्या बियांना मात्र इतकं थांबवू नका. जून-जुलैत झाडाखाली पडलेली पिकलेली फळं गोळा करा. गर धुऊन काढा, नाहीतर मुंग्या येतात. बिया दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. लांबट, खोल पिशवी घ्या, कारण पहिलं मूळ सरळ खाली जातं. अर्धी माती, थोडी वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. बी बोटाच्या पेराएवढी खोल, आडवी ठेवा. मग महिना-दोन महिने, कधी तीनही, काहीच दिसणार नाही. उकरून बघायचा मोह होईल, बघू नका. बी आधी एक नळी खाली सोडते आणि पान त्या नळीतून, बीपासून थोडं बाजूला वर येतं. पहिलं पान अगदी गवताच्या पात्यासारखं एकेरी असतं. आमच्याकडे एका मुलानं तण समजून तीन रोपं उपटली होती! तेव्हा पिशवीवर खूण करा. चिरलेली, पिसासारखी झावळी दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि खोड जमिनीच्या वर यायला आणखी बरीच.

जागा भरपूर उन्हाची बघा, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दोन-तीन हात लांब. काटे विसरू नका. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, आणि शेळ्यांपासून जपायला काट्याकुट्यांचं कुंपण. नाल्याकाठी लावणार असाल तर खोलीकरणाचं काम पुरं झालेल्या ठिकाणी, पुराचं पाणी ओढून नेणार नाही इतक्या उंचीवर लावा. आमच्या कोपऱ्यातल्या शिंदीशेजारी सध्या पिशव्यांची एक रांग आहे. त्यांत नर किती, मादी किती हे कळेल तोवर आजचे चौथीतले विद्यार्थी कॉलेजात गेलेले असतील. त्यांनी वही करून प्रत्येक पिशवीला नंबर दिला आहे आणि पुढच्या वर्षी ती वही तिसरीतल्या मुलांकडे सोपवायची आहे. फडेवाल्या आजी मात्र आत्ताच विचारून गेल्या, खालची पानं कधी काढायला मिळतील म्हणून.